अंबुजाअक्कांनी घेतलेली तोंडी परीक्षा

अंबुजाअक्कांनी कुणाला माफ केल्याचं मी चेन्नईतल्या माझ्या सगळ्या वर्षांत एकदाही पाहिलं नाही. म्हातारपणी माणसं मवाळ होतात असं म्हणतात. अक्का सत्तरीला टेकल्या होत्या आणि दिवसेंदिवस जास्तच तिखट होत चालल्या होत्या. कुणी त्यांना समजावायला गेलंच, की "जाऊ द्या हो, विसरा आता," तर त्या चष्म्यावरून बघत आणि म्हणत, "विसरायचं आळशी माणसांनीं. मला वेळ आहे."

मैलापूरच्या तळ्यामागच्या गल्लीत त्यांचं दुमजली घर होतं. खाली त्या एकट्या राहत, वरची खोली भाड्यानं देत. मी सांगलीची, शोळिंगनल्लूरला एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरीला लागलेली. दारावर 'अंबुजाबाई' ही पाटी पाहून आपलं माणूस दिसतंय म्हणून बेल वाजवली. उंच, काटकुळी, सुती साडीतली, काळ्या दोऱ्यानं गळ्यात चष्मा अडकवलेली एक बाई बाहेर आली. मी मराठीत बोलले तशी ती हसली. "तुझं मराठी म्हणजे रेडिओच्या बातम्या गं," ती म्हणाली. तिचं मराठी मला कीर्तनातलं वाटलं. कैक पिढ्यांपूर्वी तंजावरला गेलेल्या मराठी घराण्यातली ती. 'सगळं'ला 'अस्कं' म्हणायची, आणि वाक्य मराठीत सुरू करून तमिळमध्ये संपवायची.

खोली देण्याआधी त्यांनी माझी मुलाखत घेतली. नोकरी, पगार, मांसमच्छी यातलं काही विचारलं नाही. विचारलं ते असं: "तुला कोणी लहानपणीं वाईट बोललं, तें ध्यानांत आहे कीं?" मी सांगितलं, की सहावीत चित्रकलेच्या बाईंनी माझी घोड्याची चित्रं वर्गात फिरवून "ही गाढवं कुणी काढली?" म्हणून विचारलं होतं. "नांव आठवतं?" आठवत होतं. आडनावासकट आठवत होतं. अक्कांचा चेहरा खुलला. "सेरी," म्हणजे ठीक, असं त्या तमिळमध्ये म्हणाल्या, "सामान आण."

त्यांच्या वैरांची यादी काढायला बसलं तर संध्याकाळ पुरायची नाही. घरासमोरच्या थांब्यावर येणाऱ्या बसमध्ये त्या कधी बसत नसत, कारण त्या बसच्या कुठल्याशा कंडक्टरनं त्यांना पन्नाशीतच 'पाटी', म्हणजे आजी, म्हणून हाक मारली होती. तो कंडक्टर एव्हाना निवृत्त होऊन नातवंडं खेळवत असणार. पण अक्का भर उन्हात पुढच्या थांब्यापर्यंत चालत जाऊन दुसरी बस पकडायच्या. शेजारच्या मामी एकदा म्हणाल्या होत्या, की तुम्हां मराठी लोकांना सांबार कुठून जमणार? अक्कांच्या मते सांबार मुळात जन्मलंच तंजावरच्या मराठी राजांच्या मुदपाकखान्यात. त्यांनी वाद घातला नाही. दर शुक्रवारी मामींच्या घरी सांबाराचं पातेलं पाठवायला सुरुवात केली, तेही एक अक्षर न बोलता. मामींना वर्षानुवर्षं ते मुकाट्यानं खावं लागलं आणि पातेलं घासून परत द्यावं लागलं. शेवटी त्या मुलाकडे अमेरिकेला गेल्या, तेव्हा टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत अक्का गच्चीवर उभ्या होत्या. "पळाली," एवढंच म्हणाल्या.

मुलींच्या शाळेत त्या पदार्थविज्ञान शिकवत. लेखी परीक्षेवर त्यांचा विश्वास नव्हता. कॉपी करून कुणीही पास होतं, खरं काय ते तोंडी परीक्षेत बाहेर पडतं, असं त्यांचं मत. निवृत्तीनंतर समोर मुली उरल्या नाहीत, तेव्हा त्यांनी यंत्रांकडे मोर्चा वळवला. मिक्सर, पाण्याचा पंप, इस्त्री, माझा मोबाइल, जे बिघडेल त्याची तोंडी घ्यायच्या. एक गोष्ट बदलायची, बाकी सगळं तसंच ठेवायचं आणि काय होतं ते बघायचं. पर्समध्ये विभूतीची पुडी, खोकल्याच्या गोळ्या आणि छोटा स्क्रू-ड्रायव्हर कायम असायचा. "यंत्र खोटं बोलत नाहीं," त्या म्हणत. "पण विचारावं लागतं. माणूस न विचारतां बोलतो, आणि खोटं बोलतो."

हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांच्या डोळ्यांपुढे एकच माणूस असे. सेतुराव.

सेतुराव त्यांचे मेहुणे. धाकट्या बहिणीचे, कुसुमचे यजमान. आई लवकर गेल्यामुळे कुसुमला अक्कांनीच वाढवलं. तिच्यासाठी स्वतः लग्न केलं नाही, असं लोक म्हणत. अक्का मात्र म्हणत, की योग्य परीक्षार्थीच आला नाही. वडील कीर्तनकार होते आणि त्यांचा गळा कुसुमकडे आला होता. तंजावरकडच्या मंडळींत ती उभी राहून मराठी कीर्तन करायची, अभंग गायची. ऐकायला तमिळ माणसंही येऊन बसत. मग सेतुरावांशी लग्न झालं, आणि सेतुरावांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, की आमच्या घरच्या बाईनं चार लोकांपुढं गळा काढायचा नाही. कुसुमनं गाणं बंद केलं. पुढे स्वयंपाकघरात गुणगुणणंही बंद झालं. अक्का भेटायला गेल्या की बहीण हळू आवाजात बोलायची, जणू मोठ्यानं बोलायचीही परवानगी लागते. मग ती आजारी पडली आणि गेली.

"तिला आजार कसला झाला होता?" मी एकदा विचारलं होतं.

"आजार त्याच्या नांवाचा होता," अक्का म्हणाल्या. डॉक्टरांनी काय नाव सांगितलं होतं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

लग्नाआधीच्या एका कीर्तनाची एकच कॅसेट उरली होती. फीत जीर्ण झालेली. ती तुटायच्या आत त्यातला आवाज डिस्कवर घ्यायचा, हे अक्कांनी मनावर घेतलं. तेव्हा घराघरात डिस्क प्लेयर आले होते आणि कॅसेटी माळ्यावर चढत होत्या. माझ्या कॉम्प्युटरला टेपरेकॉर्डर जोडून त्या कित्येक रविवार बसल्या. मी वायर कुठे लावायची ते दाखवलं आणि बाजूला झाले. खरखर कमी करायची, पण कुसुमचा श्वास जाऊ द्यायचा नाही, यासाठी त्या एकेक ओळ परत परत ऐकायच्या. वरच्या मजल्यावर एक पंचविशीतली मुलगी गात राहायची आणि तिची म्हातारी बहीण मान खाली घालून बटणं दाबायची. मला त्या मुलीचा लळाच लागला.

आता अक्कांचं म्हणणं एवढंच होतं, की हा आवाज आपल्या लोकांत वाजला पाहिजे. वर्षातून एकदा का होईना, इथल्या तंजावरी मराठी मंडळींच्या भजनमंडळाच्या सभागृहात, माणसांपुढं. आणि मंडळाचे सेक्रेटरी होते सेतुराव.

त्यांनी नाही म्हटलं नाही. चार लोकांत नाही म्हणायची त्यांची पद्धत नव्हती. गोरे, गोलमटोल, कपाळावर ठसठशीत गंध, बोलणं तुपात घोळलेलं. "अक्का, तुमची इच्छा म्हणजे आज्ञा," म्हणाले. विजयादशमीचा कार्यक्रम ठरला. मंडळानं नुकताच नवा डिस्क प्लेयर घेतला होता आणि सेतुराव त्याला स्वतःशिवाय कुणाला हात लावू देत नसत.

आदल्या दिवशी आयुधपूजा होती. आपल्याकडे दसऱ्याला शस्त्रं-वाहनं पुजतात, तशी तिकडे नवमीलाच पूजा होते आणि तीतून काही म्हणजे काही सुटत नाही. आमच्या ऑफिसात सर्व्हरला गंध लागायचं. रिक्षा, शिलाई मशीन, कात्री, लॉरी, सगळ्यांच्या कपाळी चंदन-कुंकू. मंडळात मीही गेले होते, प्रसादाच्या सुंडलसाठी, म्हणजे चण्याच्या उसळीसाठी. सेतुरावांनी मृदंगाची, पेटीची पूजा केली आणि मग डिस्क प्लेयरची. बटण दाबलं, ट्रे बाहेर आला, तशी सगळ्यांनी कौतुकानं माना डोलावल्या. सेतुरावांनी चंदन कालवलेलं बोट उघड्या ट्रेमागून आत घातलं. "ह्याच्या डोळ्याला गंध," म्हणाले, त्यावर कुंकवाची चिमूट सोडली आणि कापूर ओवाळला. कुणीतरी फोटो काढला. मग ट्रे आत ढकलला. त्या दिवशी यंत्र चालवायचं नसतं, म्हणून कुणी चालवून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सभागृह भरलेलं. अक्का मोरपंखी साडी नेसून पहिल्या रांगेत. सेतुरावांनी डिस्क घातली. यंत्र आतल्या आत थोडं घुरघुरलं आणि त्याच्या इवल्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली, की डिस्क नाही. परत घातली. परत तेच. लोक चुळबुळ करू लागले. मग सेतुरावांनी डिस्क बाहेर काढली, रुमालात धरून उंच केली आणि माइकवर म्हणाले, "घरीं केलेली आहे ना, काय करणार? अक्कांचे हात आतां पहिल्यासारखे नाहींत. आणि मूळ आवाजांतच कांही दोष असेल, तर यंत्र तरी काय वाचणार?"

लोक हसले. दुष्टपणानं नसतील हसले, पण हसले. सेतुरावांनी तेवढ्यात जाहीर करून टाकलं, की यापुढं असल्या जुन्या गोष्टी नकोत, जिवंत माणसांची भजनं होऊ देत.

मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी उठून डिस्क घेतली, पाकिटात घातली, सेतुरावांना नमस्कार केला आणि घरी आल्या. आल्या आल्या माझ्या कॉम्प्युटरवर डिस्क लावली. कुसुम खणखणीत गायली. अक्कांनी कॉफी केली, एक फुलपात्र माझ्यापुढं ठेवलं आणि झोपाळ्यावर बसून म्हणाल्या, "काल त्यानं पूजा कशी केली, तें तूं पाहिलंस?"

मी पाहिलं होतं. बोट आत घालताना पाहिलं होतं. एकदम डोक्यात प्रकाश पडला. "अक्का, उद्याच जाऊन सांगू या त्यांना. लेन्सवर गंध बसलंय म्हणून."

"कां सांगायचं? मी सांगटलें तर म्हातारी बहिणीसाठीं भांडते म्हणतील. त्यानं माझ्या कुसुमला अस्क्या लोकांपुढं दोषी म्हटलं. आतां अस्क्या लोकांपुढं यंत्रच सांगेल, दोष कोणाचा तें."

मला खरं तर सेतुरावांशी काही देणंघेणं नव्हतं. पण त्या संध्याकाळी त्यांचं तोंड काळं झालेलं बघायची मला इतकी घाई झाली, की माझं मलाच नवल वाटलं. सूड संसर्गजन्य असतो. एका घरात राहिलं की लागतो.

दुसऱ्या दिवसापासून अक्का तयारीला लागल्या. मंडळाच्या यंत्राचं जुळं म्हणावं असा त्याच कंपनीचा, त्याच बनावटीचा प्लेयर त्यांनी स्वतःसाठी घेतला. मग रिची स्ट्रीटला, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात गेल्या. या यंत्रांना स्वतःचीच तपासणी करता येते, कारखान्यात तशी सोय करून ठेवलेली असते, एवढं त्यांना वाचून ठाऊक होतं. ती सुरू कशी करायची ते फक्त दुरुस्तीवाल्यांना माहीत. दुकानदार म्हणाला, "मॅडम, ते गिऱ्हाइकांसाठी नाही." अक्का म्हणाल्या, "बरं," आणि स्टुलावर बसल्या. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्या आपण होऊन सल्ला देऊ लागल्या. हा स्पीकर घेऊ नका, घुमतो. ही वायर पातळ आहे. दुपारपर्यंत दुकानदार हात जोडून आला आणि त्यानं बटणं दाखवली.

घरी येऊन त्यांनी मला हाक मारली. यंत्रावरची दोन बटणं एकदम दाबून धरली आणि तशीच धरून वीज चालू केली. पडद्यावर वेळ वगैरे न येता एक आकडा आला. मग यंत्र स्वतःच्या मनानं वागू लागलं. ट्रे बाहेर आला, आत गेला. मोटर फिरली, थांबली. आतून बारीक टिकटिक ऐकू आली, लेन्स वरखाली होऊन नजर जुळवत होती. प्रत्येक कामापुढे पडद्यावर ठीक असल्याची खूण उमटत गेली. "बघितलीस?" अक्का कुजबुजल्या. "हात दाखव म्हटलं, दाखवला. चालून दाखव म्हटलं, चाललं. आतां डोळे तपासतोय."

मग त्यांनी झाकण उघडून स्वतःच्या नव्याकोऱ्या यंत्राच्या लेन्सला चंदन लावलं. वर कुंकू. मी "अक्का!" म्हणून ओरडले. त्यांनी मला हातानं गप्प केलं. या वेळी ट्रे ठीक, मोटर ठीक, आणि नजर जुळवायच्या कामापाशी येऊन यंत्र अडकलं. पडद्यावर बिघाडाचा आकडा लुकलुकू लागला. साधी डिस्क लावली तर पडद्यावर तीच अक्षरं, डिस्क नाही. अक्कांनी कापसाला स्पिरिट लावून लेन्स पुसली, पुन्हा तपासणी केली. सगळं ठीक. लावलं, बिघडलं. पुसलं, सुधारलं. एखाद्या खुन्याचा कबुलीजबाब हाती लागावा तशा त्या खुशीत होत्या. रात्री जेवताना दोन वेळा ताक मागून घेतलं.

दिवाळीच्या संमेलनात सेतुराव आपल्या सुनेची, गिरिजाची, भजनांची डिस्क लावणार असल्याचं कळलं. चांगल्या स्टुडिओत केलेली, चकचकीत वेष्टनातली. बायकोला जे चाललं नाही, ते सुनेला चालत होतं. यंत्र दसऱ्यापासून त्यांनी कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. दोष डिस्कचा असं एकदा सांगून टाकल्यावर यंत्राकडे बघायचं कारणच उरलं नव्हतं. "आधीं त्याची डिस्क लागूं दे," अक्का म्हणाल्या. "मध्यें बोलायचं नाहीं हं तूं."

लागली. म्हणजे लागली नाही. डिस्क नाही, डिस्क नाही. सेतुरावांनी फुंकर मारली, उपरण्यानं डिस्क पुसली, यंत्राला चापट्या मारल्या. गिरिजा बिचारी लाल होऊन उभी. मग अक्का उठल्या. पर्स काखेला मारून शांतपणे व्यासपीठावर गेल्या.

"सेतू, ही डिस्क पण घरीं केलेली कीं?"

सेतुराव हसायला गेले. "नाहीं अक्का, कांहीतरी गडबड..."

"मग हिच्या आवाजांत दोष असेल."

अक्कांनी माइक स्वतःकडे ओढला. वर्गात बोलायच्या त्याच आवाजात त्या म्हणाल्या, "आतां आपण यंत्राची तोंडी घेऊं. बघा अस्के." त्यांनी बटणं दाबून धरली, वीज चालू केली. ट्रे आपोआप बाहेर आला तेव्हा पुढची माणसं दचकून मागे सरली. अक्का एकेक निकाल वाचत गेल्या. ट्रे, पास. मोटर, पास. मग नजरेचा प्रश्न आला, यंत्र टिकटिकत राहिलं आणि पडद्यावर बिघाडाचा आकडा लुकलुकला. मागच्या रांगांतले लोक खुर्च्यांवर चढून बघत होते.

"डोळ्यानं दिसत नाहीं म्हणतोय," अक्का म्हणाल्या. वीज बंद केली, वायर काढली, पर्समधून स्क्रू-ड्रायव्हर काढून झाकण उघडलं आणि लोकांना पुढं बोलावलं. जवळजवळ सगळ्यांनी रांगेनं येऊन वाकून पाहिलं. इवल्याशा काचेवर वाळलेल्या चंदनाचा टिळा आणि वर कुंकू. एक म्हातारे गृहस्थ तर चुकून हात जोडून पुढे गेले.

"ह्याच्या डोळ्यांत कुंकू कोणीं घातलं?"

सगळ्यांनी पाहिलं होतं कुणी घातलं ते. फोटो नोटीस बोर्डावर लावलेला होता. तरी अक्का थांबल्या. उत्तर येईपर्यंत वर्ग सुटणार नाही हे त्यांच्या उभं राहण्यावरून कळत होतं.

"पूजा... पूजा केली होती मी," सेतुराव म्हणाले.

"मोठ्यानं सांग. मागें ऐकूं येत नाहीं."

"मी केलं," सेतुराव माइकवर म्हणाले.

अक्कांनी लेन्स पुसली. झाकण लावलं, परत तपासणी केली, सगळे पास. मग पर्समधून कुसुमची डिस्क काढली. सेतुराव उतरून दाराकडे निघाले होते. "बैस," अक्का म्हणाल्या. "तिला गप्प बसवलंस ना? आतां तूं बैस." आणि तो गोलमटोल माणूस पहिल्या रांगेत, अक्कांच्याच खुर्चीवर बसला. कुसुम गायली. सुरुवातीला टाळ्यांची खरखर, मग तो मोकळा, उंच, कशालाच न घाबरणारा आवाज. बायका रडल्या. अक्का एकदाही यंत्राकडे किंवा लोकांकडे बघत नव्हत्या. त्या सेतुरावांकडे बघत होत्या, शेवटच्या गजरापर्यंत.

सेतुरावांनी सेक्रेटरीपद सोडलं. पुढच्या दसऱ्यापासून दर वर्षी कुसुमचं कीर्तन लावायचं, असं मंडळानं ठरवलं. मला वाटलं संपलं. मी अक्कांना घरी जाताना मोगऱ्याचा गजरा घेऊन दिला, जिंकल्याबद्दल.

"ही नुसती तोंडी झाली," गजरा माळत त्या म्हणाल्या. "लेखी बाकी आहे."

लेखी परीक्षा काय ते मला वर्षभरानं कळलं. सेतुरावांना पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली. मुलगा त्यांना तांबरमला आपल्या घरी घेऊन गेला. मला वाटलं, सुटले सेतुराव. पण पुढच्या गुरुवारी अक्का आपला डिस्क प्लेयर पिशवीत घालून, रिक्षा आणि लोकल करत तांबरमला गेल्या. त्यानंतर दर गुरुवारी. मंडळात त्यांचं केवढं नाव झालं. झालं गेलं विसरून आजारी मेहुण्याला भजन ऐकवायला जातात, असं मन पाहिजे, असं जो तो बोलू लागला. कुणी हे तोंडावर बोललं की अक्का गोड हसायच्या. वर आल्यावर मला सांगायच्या, "आज भिंतीकडं तोंड केलंन् त्यानं. करूं दे. कान फिरवतां येत नाहींत."

तुम्हाला हे क्रूर वाटेल. वाटू दे. मी त्या घरात कुसुमचा श्वास ऐकला होता. एका माणसानं तिला आयुष्यभर गप्प बसवलं आणि आता तो स्वतः गप्प होऊन पडला होता, आणि ती गात होती. मला हा हिशेब आवडला होता.

मग माझी पुण्याला बदली झाली. निघायच्या आधीच्या गुरुवारी मी रजा काढली आणि अक्कांची पिशवी उचलून त्यांच्याबरोबर गेले. तांबरम स्टेशनपासून आत, कडुलिंब असलेलं बैठं घर. गिरिजानं दार उघडलं. सेतुरावांची खाट खिडकीपाशी होती. अंगानं अर्धे झाले होते. कपाळावर गंध मात्र होतं, कुणीतरी लावलेलं.

अक्कांनी स्टुलावर यंत्र मांडलं आणि आधी तपासणी चालवली. दर वेळी चालवत. ट्रे बाहेर, ट्रे आत, टिकटिक, सगळे निकाल. "बघ सेतू. यंत्र ठीक. डोळा ठीक. डिस्क ठीक," त्या म्हणाल्या. "आतां ऐक." आणि कुसुम गाऊ लागली.

सेतुरावांनी भिंतीकडे तोंड केलं नाही. डोळे मिटले. गिरिजा कॉफी घेऊन आली आणि अक्कांच्या हातात देता देता हळूच म्हणाली, "अक्का, तुमचे उपकार कसे फेडायचे? मामंजींना गुरुवार बरोब्बर कळतो. सकाळपासून दाराकडं बघत असतात. दाढी करा म्हणून खुणेनं सांगतात. गंध लावून घेतात. ह्या एका दिवसासाठीं जगतात म्हणायचं."

अक्कांचा कॉफीचा हात तसाच थांबला. त्या सेतुरावांकडे बघू लागल्या. मग मीही बघितलं. चांगला असलेला डावा हात चादरीवर होता, आणि त्याचं एक बोट ताल धरत होतं. चेहऱ्यावर, अर्ध्याच चेहऱ्यावर, सुख होतं. दुसरा शब्द मला सुचत नाही.

अक्कांनी कॉफी खाली ठेवली आणि यंत्र बंद केलं. कुसुमचा आवाज शब्दाच्या मधोमध तुटला. अक्कांनी डिस्क बाहेर काढली, पाकिटात घातली, पाकीट पर्समध्ये घातलं.

"काय झालं अक्का? बिघडलं कीं?" गिरिजानं विचारलं.

"नाहीं. यंत्र राहूं दे इथंच. चांगलं आहे."

"आणि डिस्क?"

अक्का दाराशी गेल्या आणि चपला घालू लागल्या. मी पिशवीची घडी करून त्यांच्या मागं आले आणि सहज मागे वळून बघितलं. सेतुरावांचे डोळे मिटलेलेच होते आणि बोट चाललं होतं. गाणं थांबल्याचं त्यांना ठाऊक नसावं, किंवा त्यानं त्यांचं काही अडत नसावं. अभंगाचं उरलेलं कडवं गेलं. मग गजर आला, बोट जलद झालं. समेवर ते चादरीवर जरा जोरात पडत होतं. माझं लक्ष अक्कांकडे गेलं. एक पाय चपलेत घालून त्या तशाच उभ्या होत्या, खाटेकडे बघत. त्यांचे ओठ हलत होते. कुसुम जिथे श्वास घ्यायची तिथे बोट थांबायचं, आणि तिथेच अक्काही थांबायच्या. शेवटच्या ओळीला बोट सावकाश झालं आणि मिटलेल्या मुठीत गेलं.

"मेल्यानं पाठ केलंय गं तिला," अक्का म्हणाल्या.

दुसरी चप्पल पायापाशीच होती. त्यांना ती बराच वेळ सापडली नाही.